आर्चटॉप गिटारच्या तबलीसाठी स्प्रूस कसं तयार करावं आणि कोरावं?

आर्चटॉप म्हणजे कमानदार कोरलेल्या तबलीची गिटार, आणि तबली म्हणजे पेटीची वरची, आवाज देणारी फळी. तुमच्याकडे त्यासाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या, पाचरीच्या आकाराच्या दोन फळ्या आल्या आहेत, तुम्ही रत्नागिरीत राहता. आता जुलैत काम सुरू करावं का आणि तबलीची जाडी नेमकी किती ठेवावी, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर: थांबा. दुसऱ्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण देतो.

थांबा म्हणतो ते हिशेबाने. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के असेल तर लाकडात आठ-नऊ टक्के ओलावा उरतो. कोकणातल्या पावसात तो त्याच्या दुप्पट होऊ शकतो. १६ इंची तबली ओलाव्याच्या सहा टक्क्यांच्या फरकाने आडवी सुमारे तीन मिलिमीटर आकसते. आज फुगलेली तबली पेटीला चिकटवली, तर जानेवारीत ती आकसू पाहील, कडा सोडणार नाहीत, आणि चीर जाईल. म्हणून फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून हवेशीर रचा आणि टोकांना मेण लावा. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. ते स्थिर झालं आणि हवाही कोरडी झाली की मगच रंधा हातात घ्या. घरात एसीची बंद खोली असेल तर आर्द्रतामापक ठेवून तिथे आधीही सुरुवात करता येईल.

सालीकडची जाड कड मध्ये येईल अशा बेताने दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडायच्या. जोडायच्या कडा लांब रंध्याने सरळ करा आणि एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. कुठेही प्रकाश दिसता कामा नये. शिकंज्याच्या जोरावर फट मिटवायचा मोह टाळा, तो सांधा पुढे उघडतोच. सरस उत्तमच, पण तुमच्या हवेत मधल्या सांध्याला मी सुतारकामाचा पिवळा गोंद वापरेन.

कोरायचं कशासाठी, हे डोक्यात स्पष्ट असलं की हात बरोबर चालतो. मिशिगनमधल्या कलामाझूच्या ऑर्व्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखी कोरीव तबली मँडोलिन-गिटारला आणली, त्याचं पेटंट १८९८ चं. पुढे १९२२ मध्ये गिब्सन कंपनीची एल-५ आली, एफ-आकाराची छिद्रं असलेली. या गिटारमध्ये तारा टेलपीसला, म्हणजे पेटीच्या मागच्या टोकाला बसवलेल्या पट्टीला अडकतात आणि घोडी तबलीला सतत खाली दाबत राहते. तो दाब कमानीने पेलायचा आणि तरीही तबली हलायची. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणासुद्धा आर्चटॉपच्याच पेटीवर उभी आहे.

आधी बाहेरची बाजू पूर्ण करा. कडेपासून मध्यापर्यंतचा उंचवटा साधारण १५ ते २० मिलिमीटर. गोल पात्याची पटाशी लाकडाच्या रेषांना आडवी चालवा आणि नेहमी उंचावरून उताराकडे या. कमानीवर रेषांची दिशा बदलते, उलट गेलात तर लाकूड उचकटतं. नंतर बोटाएवढ्या, बुडाला गोलाई असलेल्या रंध्याने गुळगुळीत करा. हे पातं वस्तऱ्यासारखं हवं. स्प्रूसमध्ये मऊ आणि कडक रेषा शेजारीशेजारी असतात. स्क्रेपरने, म्हणजे खरवडायच्या पात्याने, मऊ रेषा दबते आणि मागून फुगून वर येते, म्हणून मी त्याच्यावर फार विसंबत नाही.

मग तबली उलटी करून चौकटीत टेकवा. ड्रिल मशीनच्या टेबलावर, बरोबर बिटाखाली, गोल डोक्याची खुंटी बसवा. बिट खुंटीपासून हव्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त अंतरावर थांबेल असं लावा आणि आतून छिद्रं पाडत जा. छिद्रांचे तळ पुसले जाईपर्यंत कोरलंत की जाडी सगळीकडे सारखी मिळते. त्यापुढे जाडी मोजायला कॅलिपर हवाच.

आता तो आकडा. मध्यावर सहा मिलिमीटरच्या आसपास आणि कडेच्या आतल्या खोलगट पट्ट्यात तीन ते साडेतीन. पण दोन झाडांचं स्प्रूस सारखं नसतं. हलकी, मऊ फळी थोडी जाड ठेवा. तबली एका बाजूला दोन बोटांत सैल धरून टिचकी मारत राहा. पातळ होत जाईल तसा स्वर उतरतो आणि नाद लांबतो. ठरावीक स्वराच्या मागे लागू नका, कारण एफ-छिद्रं कापल्यावर तो उतरतो आणि तबलीला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्यावर चढतो.

माझं सगळं लक्ष त्या खोलगट पट्ट्यावर असतं, कारण तबली हलते ती तिथून. म्हणून तिथे सुरुवातीला अर्धा मिलिमीटर जास्तच ठेवा. पॉलिश करण्याआधी गिटारला तारा चढवा, काही दिवस वाजवा. आवाज घुसमटलेला वाटला तर तारा उतरवून पट्टा बाहेरून काचकागदाने थोडाथोडा उतरवा, विशेषतः खरजाच्या तारांच्या बाजूला, आणि पुन्हा चढवून ऐका.

स्प्रूसऐवजी साग चालेल का असं विचाराल, तर नको. साग स्प्रूसच्या जवळजवळ दीडपट जड असतो.