तिचा नंबर डिलीट करू का?

प्रश्न : ताई नमस्कार, माझी जिवलग मैत्रीण गेल्या वर्षी मे महिन्यात गेली, कॅन्सर होता. कोल्हापूरला युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर आम्ही रूम पार्टनर, लग्नानंतर ती सांगलीला आणि मी इचलकरंजीला, पण रोज काही ना काही बोलणं व्हायचंच. तिचे ढीगभर व्हॉइस मेसेज माझ्या व्हॉट्सॲपवर आहेत, झोप लागत नाही तेव्हा ऐकत बसते. एकात ती भाजणी सांगतेय, मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्यात आणि ही ओरडतेय, अगं जिरं शेवटी टाक नाहीतर करपेल. परवा चॅट उघडलं तर तिच्या डीपीच्या जागी कुणा अनोळखी मुलाचा बाईकवरचा फोटो! माझे हातपायच गळाले. हे म्हणतात, काढून टाक तो नंबर, किती दिवस तेच धरून बसणार. सासूबाई म्हणतात, सख्खी बहीण गेल्यासारखं काय करतेस. त्यात तिच्या मिस्टरांचा फोन आला की पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून जेवायला या. घरी आवडणार नाही, आणि मला तरी झेपेल का? तिची मुलगी अकरावीला आहे, तिच्यासमोर रडू आलं तर?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नवमीला जा. बाकीचं सगळं मागाहून, पण हे आधी सांगते. भाद्रपद वद्य नवमीला, जी बाई सवाष्ण गेली तिच्या नावाने सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात. त्या पानावर कुणाला बसवायचं याचा विचार तिच्या मिस्टरांनी केला आणि नात्यातल्या इतक्या बायका सोडून तुम्हाला फोन केला, म्हणजे त्या घराला तुमची तिच्या आयुष्यातली जागा बरोबर माहीत आहे. (सवाष्णीच कशाला, तिची मैत्रीण विधवा असती तरी तिलाच बोलवावं असं माझं मत आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) आणि रडू आलं तर येऊ द्या हो. आईसाठी रडणारं घराबाहेरचंही कुणीतरी आहे हे त्या पोरीने बघितलं तर त्यात तिचं काहीच वाईट होणार नाही.

सासूबाईंच्या बोलण्याचं म्हणाल तर त्यांचा राग धरू नका, पण ते खरंही मानू नका. मैत्रिणीला सुतक नसतं, ऑफिसात रजा मिळत नाही, भेटायला येणारे नवऱ्याला भेटतात, आईवडिलांना भेटतात, आणि मैत्रीण चहाचे कप उचलत असते. म्हणजे दुःख तेवढंच, पण ते मांडायला जागाच नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली नेमकं यावरच लिहिलंय, की ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही ते आतल्या आत जास्त दिवस राहतं. आणि आपल्याकडे परंपरेचंच बघायचं तर महालयाच्या तर्पणात आईवडील, मामा, मावशी, आत्या, सासरे झाले की गुरू, शिष्य आणि मित्र यांचीही नावं घेतात. घरी विषय निघाला तर हे जरूर सांगा, सासूबाईंना पटेल असं वाटतंय मला.

आता नंबरचं. बंद झालेला मोबाईल नंबर कंपन्या किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या गिऱ्हाईकाला मिळू शकतो, आणि व्हॉट्सॲपही साधारण १२० दिवस वापर नसलेलं अकाउंट काढून टाकतं. त्यामुळे हे असं होतंच, त्या मुलाला तर कल्पनाही नसेल. तिच्या मुलीनेही तो फोटो बघितला असेल, तेवढं लक्षात असू द्या. तुमच्या फोनवरचे जुने मेसेज मात्र जागेवरच राहतात. फक्त त्या चॅटमध्ये आता काही लिहू नका, ते त्याच्याकडे जाईल. मेसेज आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे चॅटमधली तीन टिंबं दाबून एक्स्पोर्ट चॅट करायचं, मीडियासकट, आणि स्वतःलाच ईमेल करायचं. चॅट फार मोठं असेल तर जुने मेसेज त्यात सुटतात, म्हणून जीव अडकलेले व्हॉइस मेसेज एकेक करून शेअर करा आणि ड्राइव्हवर टाका, एक कॉपी पेनड्राइव्हवर. नवा फोन घ्यायच्या आधी हे कराच, फोन बदलताना बॅकअप नीट झाला नाही म्हणून असले मेसेज गमावलेले खूप जण आहेत. एवढं झालं की नंबर ठेवा नाहीतर काढा, घाई कुणाचीच नाही, तुमच्या मिस्टरांची पण नाही.

आणि त्या भाजणीच्या मेसेजबद्दल. तो तुमच्या एकटीच्या फोनमध्ये राहू नये. मुलीकडे आईचे फोटो असतील, लग्नाचा व्हिडिओ असेल, पण कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून जिऱ्यावरून ओरडणारी आई बहुतेक तुमच्याकडेच आहे, आणि होस्टेलवरची, लग्नाआधीची आई तर तिने बघितलेलीच नाही. नवमीच्या दिवशी पानावर बसल्या बसल्या एकदम लावू मात्र नका, आवाज कानावर पडला की माणूस हलून जातं. आधी तिच्या बाबांना विचारा, मग तिला सांगा की माझ्याकडे हे आहे, तुला हवं तेव्हा माग. कदाचित लगेच मागेल, कदाचित लग्नाच्या वेळी मागेल. ती केव्हाही मागू शकते, म्हणूनच ते सांभाळायचं. होस्टेलचे किस्से आठवतील तसे वहीत लिहून ठेवा, तारीखवार वगैरे काही नको, मेसमधली भांडणं, परीक्षेच्या रात्री, महालक्ष्मीच्या देवळात मागितलेले नवस, जे असेल ते.

तिचं फेसबुक असेल आणि अजून वाढदिवसाचं नोटिफिकेशन येत असेल तर मृत्यूचा पुरावा देऊन ते स्मृती-अकाउंट करता येतं, मग ते नोटिफिकेशन येणं बंद होतं. पण तो निर्णय घरच्यांचा, तुम्ही फक्त सुचवा.

एका गोष्टीची मला काळजी वाटते, झोपेची. मेसेज ऐका, जरूर ऐका, पण शक्यतो दिवसा, आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. महिनाभरात फरक पडला नाही, खाणंपिणं सुटायला लागलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, २४ तास चालू असते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.