सूर-संवाद: दाद उशिरा येते तेव्हा

प्रश्न: ताई नमस्कार. मी मिरजेची, ख्याल गाते, दोन वर्षं झाली दर गुरुवारी यूट्यूबवर लाइव्ह बसते. आलाप सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच कमेंट यायला लागतात, द्रुत घ्या, अभंग म्हणा, तान होऊ दे. नंतर ग्राफ बघितला की लोक विलंबितातच, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीतच, उठून गेलेले दिसतात. माझं पंचवीस मिनिटांचं विलंबित आता आठ मिनिटांवर आलंय, आणि हे मी ठरवून केलेलं नाही, आपोआप झालंय. त्यात परवा एका आयोजकांनी तारखेचं बोलायच्या आधी फॉलोअर किती ते विचारलं. माझं काही चुकतंय का?

उत्तर: लाइव्ह बसताय यात काहीच चूक नाही, उलट दर गुरुवारी न चुकता बसताय याचं मला फार कौतुक वाटलं. काळजी वाटली ती त्या "आपोआप" शब्दाची. फर्माईश काही आजची नाही हो, बैठकीत चिठ्ठ्या यायच्याच, आणि समोरचे चेहरे बघून राग वाढवायचा की आवरायचा हे गाणारा ठरवायचाच. पण बैठकीतली वाहवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते, तिथल्या तिथे, आणि ती कुणी दिली तेही दिसतं, पहिल्या रांगेतल्या जुन्या जाणकाराने मान डोलावली तर त्याचं वजन वेगळं आणि मागून कुणी ओरडलं तर त्याचं वेगळं. लाइव्हमध्ये तुमचा सूर ऐकणाऱ्यापर्यंत पोचायलाच दहा-पंधरा सेकंद लागतात, कधी त्याहून जास्त, मग तो टाइप करणार, मग ते तुम्हाला दिसणार. विलंबित एकतालाचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, चाळीस-पन्नास सेकंदांचं असलं तर ती दाद निदान त्याच आवर्तनात येऊन पडते, पण द्रुत तीनतालात आवर्तन चार-पाच सेकंदांचं, म्हणजे "क्या बात है" वाचेपर्यंत चार आवर्तनं उलटून गेलेली असतात आणि तुम्ही भलत्याच तानेत असता. ही दाद खोटी नाही, मनापासून दिलेलीच आहे, पण तिच्यावर बघून पुढचं गाणं ठरवता येत नाही.

मी स्वतः 2020 च्या लॉकडाउनमध्ये हे भोगलंय. घरातूनच लाइव्ह, भाऊ तबल्यावर, फोन अगदी समोर. बडा ख्याल, म्हणजे विलंबितच, छान रंगला होता, मुखडा घेऊन समेवर यायची वेळ आली आणि नेमकी नजर स्क्रीनवर गेली, कुणीतरी लिहिलं होतं की आवाज बारीक येतोय, आणि सम गेली. भावाने काही न बोलता ठेका धरून ठेवला, पुढच्या आवर्तनात मी परत आले, पण त्या दिवशीचं गाणं तिथेच उतरलं ते उतरलंच. तेव्हापासून गाताना माझ्यासमोर स्क्रीन नसते. कॅमेरा लावलेला असतो, कमेंट माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या खोलीत बसून वाचते, आवाजाची गडबड असेल तरच खूण करते. ख्याल संपला की ती मला फर्माइशी वाचून दाखवते, मग मी अर्धा तास नुसत्या गप्पा मारते, अभंग म्हणते, लोक रागाबद्दल विचारतात त्याची उत्तरं देते, आणि त्या अर्ध्या तासाची मी आठवडाभर वाट बघते इतका मला तो आवडतो. तुम्हीही असं करून बघा.

ग्राफचं म्हणाल तर पहिल्या मिनिटात तो सगळ्यांचाच घसरतो. जे गेले त्यातले बहुतेक रस्त्याने जाता जाता डोकावलेले असतात, त्यांच्यासाठी विलंबित कापू नका. यूट्यूब स्टुडिओत परत परत येणाऱ्या प्रेक्षकांचा आकडा असतो तो बघा, दर गुरुवारी परत येणारे साठ लोक असतील तर ती तुमची बैठक.

आणि छोटं गाणं कमी प्रतीचं असं मी अजिबात म्हणत नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या तेव्हापासून आपले लोक तीन मिनिटांत राग मांडायला शिकलेच की. केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली ती साडेतीन मिनिटांचीच आहे. पण तबकडीसाठी गाणं वेगळं बांधायचे आणि बैठकीत तोच राग तासभर चालायचा. रील करायची तर नव्वद सेकंदांची म्हणून वेगळी बसवा, एखादी मध्यलयीची बंदिश घ्या, मोठ्या ख्यालाचा तुकडा तोडून टाकू नका.

आयोजकांना आकडा सांगून टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि सोबत चाळीस मिनिटांच्या अखंड गाण्याची एक लिंक पाठवा.

प्रश्न: पारंपरिक बंदिश गाऊन यूट्यूबवर अपलोड केली तर कुठल्या तरी कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला. गाणं माझं, आवाज माझा. व्हिडिओ काढून टाकू का?

उत्तर: काढू नका. क्लेम म्हणजे चॅनलला इशारा देणारा स्ट्राइक नव्हे. यूट्यूबचं मशीन आवाज जुळवून बघतं, त्याला परंपरा वगैरे कळत नाही, कधी कधी ॲपचा तबला किंवा तंबोराच कुणाच्या रेकॉर्डिंगशी जुळतो. डिस्प्यूट करा, समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. फक्त बंदिश खरंच जुनी आहे ना ते आधी तपासा. रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे कुमार गंधर्वांची बंदिश असेल तर ते 1992 मध्ये गेले, 2052 संपेपर्यंत ती मोकळी नाही. आणि जाता जाता, तुमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आयोजक न विचारता नेटवर टाकत असतील तर कायद्याने कलाकार म्हणून तुमचाही त्यावर हक्क आहे, 50 वर्षांचा. मानधनाचं बोलतानाच हे लिहून घ्या.

प्रश्न: पुण्यातून न्यू जर्सीच्या एका मुलीला झूमवर शिकवते. तंबोरा तिला ऐकूच जात नाही, दोघी एकत्र गायलो की सगळा गोंधळ. आणि माझी सकाळ म्हणजे तिची रात्र, मग सकाळचा राग भैरव शिकवू की नको?

उत्तर: झूमला तुमचा तंबोरा पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, सारखा एकच आवाज म्हणून ते तो पुसून टाकतं, मग तंबोरा नावाजलेल्या मिरजेच्या कारागिरांचा का असेना. सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा, दोघींनी हेडफोन लावा, आणि तिने तिचा तंबोरा तिच्याकडेच लावून घ्यावा, तुमच्याच पट्टीत. एकत्र गाणं सोडून द्या. आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने जरी उशिरा पोचला तरी ते साधारण 34 मीटर लांब बसलेल्या माणसाबरोबर गाण्यासारखं झालं, कसा मेळ बसणार. तुम्ही म्हणा, मग ती म्हणेल. आपण गुरूंसमोर बसून तसेच तर शिकलो.

खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा मात्र भरवसा धरू नका, लॅपटॉपच्या माइकमधून तो धड येत नाही, तिचा खर्ज लागतोय की नुसती हवा येतेय ते तुम्हाला इथून कळणार नाही.

भैरव खुशाल शिकवा. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे तिच्याकडे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ, उन्हाळ्यात दहा. तालीम कुठल्याही वेळी देता येते, पण रियाज तिने तिच्या पहाटे करावा. रविवारी तिकडे उजाडताना अर्धा तास भैरव म्हणायला सांगा आणि त्याचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आवाज चेपला जात नाही. तुम्ही ते संध्याकाळी चहा घेताना ऐका, कोमल रिषभ डोलतोय की नाही ते तिथे नीट ऐकू येईल.