व्होल्टेज वाढवण्याआधी पाणी मोज

प्रिय विद्यार्थीमित्रा,

पाण्यातले पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म मणी चार इलेक्ट्रोडच्या मधोमध थांबायच्या ऐवजी इलेक्ट्रोडच्या कडांना चिकटले आणि व्होल्टेज वाढवल्यावर आणखी घट्ट बसले, असं तू लिहिलंस. बसणारच. व्होल्टेजने बल वाढतं, दिशा फिरत नाही. मणी आणि पाणी यांत ध्रुवीकरण (विद्युतक्षेत्रात धन-ऋण प्रभार वेगळे सरकणं) जास्त कोणाचं, यावर दिशा ठरते. मण्याचं जास्त असेल तर तो तीव्र क्षेत्राकडे, म्हणजे कडेला ओढला जातो. हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये याला डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हटलं.

पॉलिस्टायरीन विद्युतरोधक खरं, पण मण्याच्या पृष्ठभागावर आयनांचा थर असतो आणि त्यातून वीज वाहते. त्यामुळे १ मायक्रॉन व्यासाचा मणी साधारण ४ मिलिसीमेन्स प्रति मीटर वाहकतेचा असल्यासारखा वागतो. पाण्याची वाहकता १ असेल, तर अंदाजे ७०० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या खाली तो कडेला जाणार, वर मधोमध ढकलला जाणार. तू १०० लावले होतेस! २ मेगाहर्ट्झवर जा. समोरासमोरच्या इलेक्ट्रोडना एकच फेज, शेजारच्यांना उलट, एवढं तपास. मग सूक्ष्मदर्शकाचा फोकस थोडा वर घे. पकडलेला मणी इलेक्ट्रोडच्या पातळीवर नसतो, वर तरंगतो.

पण आधी पाण्याची वाहकता मोज. बाटलीतल्या मण्यांबरोबर साबणासारखी द्रव्यं येतात. सेंट्रिफ्यूज फिरव, वरचं पाणी काढ, नवं घाल, असं तीनदा कर आणि शेवटी वाहकता-मीटर लाव. शुद्ध पाणीही उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वाहकता वाढवतं.

सिग्नल जनरेटरच्या आकड्यावरही विसंबू नको. तो ५० ओहमचा भार गृहीत धरतो; तुझ्या इलेक्ट्रोडच्या चिपचा अवरोध त्याहून बराच जास्त असेल तर १० दाखवताना २० व्होल्टच्या आसपास पोचतात. ऑसिलोस्कोप चिपपाशीच जोड.

मणी कडेवर न बसता इलेक्ट्रोडच्या सपाट भागावर जमले, तर ते बहुधा डायइलेक्ट्रोफोरेसिस नव्हे, कमी वारंवारतेला पाणीच वाहतंय. पेशींच्या वेळी उलट भानगड होते: खारं द्रावण तापतं. फॉस्फेट बफर या खाऱ्या द्रावणात १० व्होल्ट पीक-टू-पीकला (शिखरापासून तळापर्यंत) सुमारे ४ अंशांची वाढ होते आणि त्या उष्णतेने उठलेला प्रवाह व्होल्टेजच्या चौथ्या घाताने वाढतो, बल मात्र वर्गाने. म्हणून तिथे व्होल्टेज कमी करायचं किंवा ८.५ टक्के सुक्रोज आणि ०.३ टक्के डेक्स्ट्रोजचं कमी वाहकतेचं द्रावण घ्यायचं.

अर्ध्या मायक्रॉनचे मणी नंतर घे. बल आठव्या हिश्श्यावर येईल आणि त्याच पाण्यात दिशा फिरण्याची सीमा १.४ मेगाहर्ट्झच्या आसपास सरकेल.