उतारावर जपा, आणि ती गोळी घेऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रत्नागिरीकडची 21 किलोमीटरची पहिलीच शर्यत, हातात तीन आठवडे. गेल्या रविवारी आरे-वारेच्या उतारावर पाय मोकळे सोडले आणि आज चौथ्या दिवशीही जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. शर्यतीच्या सकाळी दुखायच्या आधीच एक पेनकिलर घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी मलाही हाच प्रश्न पडला होता. मी कोणाला न विचारता गोळी घेतली, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, नोकरी सांभाळून पळणारा माणूस आहे. औषधांबद्दल जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारून पक्कं करा.

बूट, पेस, आदल्या रात्रीचं जेवण हे सगळं सोडून देतो, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन साधारण अर्धी चढाची, अर्धी उताराची. आपल्या किनाऱ्यावर तसं नसतं. खाडीवरचा पूल ओलांडला की चढून सड्यावर म्हणजे वरच्या पठारावर, सड्यावरून खाली पुढच्या गावात, तिथून पुन्हा चढ. एकेक चढ छोटा असतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. चढावर दम लागतो, पण तो दोन मिनिटांत परत येतो. उतारावर मात्र मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच आपलं वजन पेलून ब्रेक लावत असतो. त्यात त्याचे बारीक धागे तुटतात आणि त्या क्षणी काहीच कळत नाही. म्हणूनच खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं.

माझी चूक अशी. जानेवारीतली शर्यत होती. सकाळी गार वारा होता, अंग हलकं वाटत होतं. निघण्याआधी एक पेनकिलर घेतली. पहिल्या मोठ्या उतारावर चढात गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून लांब टांगा टाकत, टाच आपटत खाली आलो. नंतरच्या प्रत्येक उतारावर तेच केलं. चौदाव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या, तेव्हा खिशातली दुसरी गोळी घेतली. दुखणं बंद झालं, म्हणजे थांब म्हणून सांगणारी एकच गोष्ट मी बंद करून टाकली. त्यात ऊन वर आलं होतं आणि दमट हवेत घाम सुकत नव्हता. शर्यत पूर्ण केली. संध्याकाळी तिसरी गोळी.

दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. लघवी तपासली, रिपोर्टमध्ये रक्त आलं. तिथे मला सांगितलं, मूतखडा आहे, भरपूर पाणी प्या. कंबर आणि मांड्या दुखतात म्हटल्यावर पेनकिलरचंच इंजेक्शन दिलं. मी काल 21 किलोमीटर डोंगरात पळालोय हे दोनदा सांगितलं. "तेवढं चालायचंच," असं उत्तर मिळालं.

तो रिपोर्ट मी अजून जपून ठेवलाय, कारण उत्तर त्याच कागदावर होतं. लघवीत बुडवायच्या पट्टीवर रक्त तीन अधिक, म्हणजे भरपूर, आणि खालच्याच ओळीत सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळपास नाहीत. रक्त आहे पण रक्तपेशी नाहीत, याचा अर्थ ते फुटलेल्या स्नायूंतून बाहेर पडलेलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असू शकतं. ते मूत्रपिंडात अडकतं. पेनकिलरपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल तेव्हा तर जास्तच. म्हणजे आधीच गुदमरलेल्या मूत्रपिंडावर मी तीन गोळ्या टाकल्या आणि दवाखान्याने वर इंजेक्शन दिलं. दोन ओळी एकत्र वाचायला किती वेळ लागतो? माझा दीड दिवस त्यात गेला.

तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या शिकाऊ डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न लघवीच्या रंगाचा विचारला, दुसरा पळण्याचा. त्यांनी लगेच सीपीके करायला लावलं, म्हणजे स्नायू किती फुटलेत ते सांगणारी रक्ततपासणी. ते साधारण दोनशेच्या आत असावं लागतं, माझं 41,000 निघालं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन 2.9, म्हणजे नेहमीपेक्षा बरंच जास्त. पाच दिवस सलाईनवर होतो. डायलिसिस टळलं, पण पुढचे सहा महिने पळणं बंद. घरच्यांनी त्या पाच दिवसांत काय सोसलं ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. शर्यतीआधी नाही, शर्यतीत नाही, आणि नंतर लघवी नेहमीसारखी होईपर्यंतही नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या गोळीनेही स्नायूंना त्रास होऊ शकतो.

आता चांगली बातमी. हे जे चार दिवस दुखतंय ते वाया गेलेलं नाही. एकदा उतारावर दुखावलेला स्नायू सावरला की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला कमी लागतो. आधी दुखणं पूर्ण जाऊ द्या. मग शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी एकदाच, बेताने, भाट्ये पुलापलीकडच्या चढावर वर चालत जा आणि खाली पळत या. तीन फेऱ्या पुरे. त्यानंतर शर्यतीपर्यंत उतार नको. काही जण शेवटच्या आठवड्यातही घाट मारायला सांगतात, मला ते अजिबात पटत नाही.

उतरताना पावलं छोटी आणि भरभर टाका. पाय शरीराच्या पुढे नाही, खाली पडला पाहिजे. मागे रेलू नका. श्वास इतका हातात असावा की शेजारच्याशी बोलता यावं, वेळ गेला तर जाऊ दे. रस्त्याच्या कडेला जांभ्याची लाल खडी पसरलेली असते, वळणावर तिच्यावरून पाय सटकतो. रस्ता वाहनांसाठी बंद केलेला असेल तर कड सोडूनच पळा.

पाण्याचं म्हणाल तर प्रत्येक टेबलावर पोटभर साधं पाणी पिऊ नका, रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं. तहानेप्रमाणे प्या. मी बाटलीत कोकमाचं आगळ, मीठ आणि थोडा गूळ घालून नेतो. निघण्याआधी दोन तास मीठ घातलेली पेज. मला मानवते, तुम्ही आधी एखाद्या रविवारी घेऊन बघा.

पण त्याआधी आज लघवीचा रंग बघा. नेहमीसारखा पिवळसर असेल आणि दुखणं रोज थोडं उतरत असेल तर विश्रांती घ्या. काळसर किंवा तांबूस असेल, मांड्या सुजल्या असतील तर उद्यावर टाकू नका. आजच सीपीके आणि क्रिएटिनीन करून घ्या. समोरच्याने विचारलं नाही तरी पहिलं वाक्य हेच सांगा, की मी रविवारी डोंगरउतार पळालोय. आणि काय निघालं ते इथे कळवा.