आईला आणि भावाला ‘निराधार’ मिळेल का?

प्रश्न: आई ६८ वर्षांची, विधवा. धाकटा भाऊ पायाने अधू, ५५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. मी किराणा दुकानात कामाला. एजंट ‘दोघांचं करून देतो’ म्हणत पैसे मागतोय.
– एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर: तहसील कचेरीत या अनुदान योजनांच्या टेबलावरच माझी सारी नोकरी झाली, म्हणून आधी एजंटचं सांगतो: त्याला दमडी देऊ नका.

आईने ‘संजय गांधी निराधार’चा अर्ज भरू नये. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना लागते; महिना १,५०० रुपये. अडतं ते उत्पन्नावर. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, आणि तीही कुटुंबाची. तुमचा पगार त्यात धरला तर आईचं अवघड आहे. (आजच्या महागाईत हा आकडा ठेवणाऱ्यांनी एकदा बाजारात जावं!) ती वेगळी राहत असेल, रेशनकार्डही वेगळं असेल, तर तलाठ्याला खरी स्थिती दाखवा. कागदोपत्री खोटी फारकत मात्र नको; चौकशीत उघडी पडते.

भावाची बाजू भक्कम. निराधार योजनेत दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं, उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा जोडा. त्याचा अर्ज आधी टाका, पोच घ्या.