माझ्या भाचीला दिसत नाही. तिला समुद्री जीवशास्त्र आणि शिडाची बोट शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की भाची दहावीत आहे, जन्मापासून दिसत नाही, आणि समुद्राचं वेड आहे. घरच्यांनी हो म्हणावं की वेळीच समजूत काढावी? समजूत काढायचीच असेल तर घरच्यांची काढा.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी मी लोकांना तिथले जीव दाखवत फिरतो. 'दाखवतो' या शब्दातच माझी गोची झाली. एकदा अंध मुलामुलींचा गट आला आणि मी सवयीने दहा मिनिटं रंगांवर बोललो. शेवटी एक मुलगी म्हणाली, "काका, रंग राहू द्या, हाताला काय लागतं ते सांगा." तेव्हा कळलं, अभ्यास मलाच करावा लागणार.

गेरात फर्मे हे नाव भाचीला जरूर सांगा. 1946 साली नेदरलँड्समध्ये जन्म, लहानपणीच दृष्टी पूर्ण गेली, आणि पुढे ते शंखशिंपल्यांचे जगातले मोठे अभ्यासक झाले. येल विद्यापीठात प्रवेशाच्या मुलाखतीला गेले, तर प्राध्यापकांनी थेट संग्रहालयात नेऊन हातात एक शंख दिला : ओळख. त्यांनी बोटं फिरवून अचूक नाव सांगितलं. दुसरा दिला, तोही ओळखला. मिळाला प्रवेश! खेकडे शंख फोडतात, त्यातून जगलेली गोगलगाय फुटलेली कड पुन्हा बांधून काढते आणि तिथे वण राहतो. असे वण बोटांनी चाचपून त्यांनी शिकारी आणि शिकार यांच्यातल्या कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा इतिहास मांडला. डोळस माणसाची नजर रंगावर अडकते, बोट मात्र वणावर थांबतं.

भरती-ओहोटीला तर डोळे लागतच नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सहा तास पुढेमागे ओहोटी. मिनिटांचा फरक पडतो, पण तोंडी गणित येणाऱ्या मुलीला छापील तक्त्यावाचून समुद्राचं घड्याळ कळतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. खडकाच्या कपारीत आंधळेपणाने हात घालू नये, आणि हे मी डोळसांनाही सांगतो. शंकूच्या आकाराच्या काही शंखांतला जिवंत प्राणी विषारी डंख मारतो, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आधी सोबत्याने बघायचं, मग हात. शंख घरी आणू नका, काही जातींना कायद्याने संरक्षण आहे.

आता शिडाच्या बोटीचं. वारा दोन्ही गालांना सारखा लागला की नाक बरोबर वाऱ्यात आहे. शीड फडफडायला लागलं की दोरी ओढायची, बोट किती कलली ते बसल्या जागी कळतं. समोर कोण आलंय, हे तेवढं सोबत्याने सांगायचं. अंध खलाशांच्या शर्यतीसुद्धा होतात, त्यात वळणाच्या बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, आवाज देतात.

ब्रिटनमध्ये तर 'लॉर्ड नेल्सन' (1986) आणि 'टेनेशियस' (2000) ही दोन मोठी शिडाची जहाजं मुळातच अपंग आणि धडधाकट अशा मिश्र खलाशांसाठी बांधली होती : बोलणारं होकायंत्र, डेकवर पायाला कळतील अशा खुणा, चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट. अपंग माणसं प्रवासी म्हणून बसून नाही, तर पाळीप्रमाणे पहाऱ्याला उभी राहायची. जहाजं चालवणारी संस्था 2023 मध्ये पैशाअभावी बंद पडली. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच खास जहाजांच्या भरवशावर राहू नये असंही वाटतं. साध्या बोटीवर, साध्या शिक्षकाकडे हे शिकता यायला हवं.

आपल्याकडे खरी अडचण पाण्यात जायच्या आधीच सुरू होते. शेवाळलेल्या पायऱ्या, धक्का आणि डुलणारी बोट यांच्यातली हातभर फट, आणि त्याआधी फॉर्म. मी एका अंध मुलाचा फॉर्म एका शिबिराकडे पाठवला होता. 'विम्यात बसत नाही' म्हणून परत आला. कुठला विमा, कोणतं कलम, विचारलं तर उत्तर नाही. तुम्ही मात्र लेखी कारण मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, पण जागा मिळाली म्हणजे प्रयोगशाळेची सोय झाली असं नाही. प्रवेशाआधीच विचारा : सूक्ष्मदर्शकाखालचं हिला कोण सांगणार, त्रिमित नमुने आहेत का, प्रात्यक्षिकाची परीक्षा कशी घेणार?

तोवर येत्या रविवारी तिला मासळी बाजारात न्या. मोरीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला तर पॉलिशपेपर, कारण तिचे खवले म्हणजे बारीक दातच असतात. मग बांगड्याचे कल्ले उघडून आतला कंगवा चाचपू द्या, माकुळाच्या (स्क्विडच्या) हातांवरचे चोषक मोजू द्या. फक्त कोळीण मावशीला आधी विचारा आणि शेवटी काहीतरी विकत घ्या, नाहीतर 'घ्यायचं नाय तर कुरवाळता कशाला' हे ऐकायची तयारी ठेवा.