क्लेम केला नाही तरी एनसीबी (नो क्लेम बोनस) शून्य? आधी तो परत मिळवा, मग स्वस्त पॉलिसी शोधा

तुम्ही टाकलेला कारच्या विम्याच्या रिन्यूअल कोटचा फोटो मोठा करून बघितला आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच माझ्या बाबतीत झालंय. तुमचा प्रश्न असा की गाडी एक वर्षाने जुनी झाली, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) खाली आली, वर्षभरात क्लेम केला नाही, तरी ९,९०० चा प्रीमियम १५,८०० कसा झाला, आणि एजंट म्हणतोय की सगळ्यांचेच रेट वाढलेत. रेट थोडेफार वाढतात हे खरंय, पण तुमच्या फोटोत एनसीबीच्या, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सुटीच्या, ओळीत शून्य लिहिलंय ते एकदा बघा. फरक ५,९०० चा आहे, त्यातून १८% जीएसटी बाजूला केला की ५,००० उरतात, आणि तुमचा ओडीचा (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, एनसीबी यावरच मिळतो) आकडा १०,००० आहे. म्हणजे मोटामोटी ५०% एनसीबी गेलाय, दुसरं काही नाही. आणि तुम्हीच जाता जाता लिहिलंय की सर्व्हिसिंगच्या वेळी बंपरला ओरखडा होता तो "वर्कशॉपवाल्यांनी बघून घेतला, कसलीतरी सही घेतली". मला तरी घोळ तिथेच दिसतोय.

आधीच सांगतो, मी एजंट नाही, वकीलही नाही, स्वतःच्या अनुभवावरून बोलतोय, तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.

थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) भाग सोडून द्या, तो सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. १००० ते १५०० सीसीला १ जून २०२२ पासून ३,४१६ झाला, त्याआधी ३,२२१ होता, त्यात तुमचे पाच हजार लपलेले नाहीत. खेळ सगळा ओडीत असतो, तिथले रेट २००७ पासून कंपन्यांच्या हातात आहेत.

आता माझं सांगतो. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, बंपरच्या कोपऱ्याला तडा होता, सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाला क्लेममध्ये टाकतो, तुम्हाला जवळजवळ फुकट पडेल. मी नको म्हटलं, खिशातून पैसे भरले, बिल घेतलं. पण साहेबांनी त्याआधीच विमा कंपनीला फोन करून इंटिमेशन (क्लेमची सूचना) देऊन टाकली होती, संध्याकाळी मोबाईलवर क्लेम नंबर आला. मी त्याच रात्री मेल केला की हा क्लेम मी मागे घेतोय, कंपनीचं "नोंद घेतली" असं उत्तरही आलं. माझ्यासाठी विषय संपला होता.

रिन्यूअलला एनसीबी शून्य! ब्रँचमध्ये गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, एकाच ओळीत क्लेमची संख्या १ आणि शेजारच्याच रकान्यात दिलेली रक्कम ०. मी बोट ठेवून विचारलं की ताई, रक्कम शून्य आहे ना, मग बोनस कशाचा कापला? तर म्हणे "सिस्टीममध्ये क्लेम दिसतोय सर, आमच्या हातात नाही." मग कोणाच्या हातात आहे? तर क्लेम डिपार्टमेंटच्या. क्लेम डिपार्टमेंट म्हणतं फाइल आमच्याकडून बंद आहे, अंडररायटिंगला (प्रीमियम ठरवणाऱ्या विभागाला) विचारा. टोल फ्रीवाले म्हणतात ब्रँचला जा. वर्कशॉपवाले म्हणतात आम्ही फक्त इंटिमेशन दिली, पुढचं आम्हाला माहीत नाही. माझ्या हातात त्यांचाच मेल, त्यांचीच स्क्रीन, वर्कशॉपचं बिल, आणि तरी एकही माणूस "चूक झाली, दुरुस्त करतो" म्हणायला तयार नाही. खरं सांगतो, पैशापेक्षा या टोलवाटोलवीने मला जास्त थकवलं, आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं सांभाळून गाडी चालवून तो ५०% कमावला त्याचा बोनस एका फोन कॉलवर उडतो, आणि तो परत मागायला मात्र त्यालाच दारोदार फिरावं लागतं, हे चूकच आहे.

शेवटी पॉलिसीची तारीख आली म्हणून पूर्ण प्रीमियम भरून रिन्यू केली, पण भरताना मेल टाकला की एनसीबीबद्दल माझी हरकत कायम आहे. हे तुम्हीही नक्की करा. भांडण चालू आहे म्हणून पॉलिसी लॅप्स होऊ देऊ नका. विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि संपलेल्या तारखेपासून ९० दिवस उलटले की एनसीबी खरोखरच जातो, मग भांडायलाही काही उरत नाही.

त्यानंतर मी फोन करणं बंद केलं आणि फक्त लेखी ठेवलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, तिथून गोलमोल उत्तर आलं म्हणून इर्डाच्या (विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार (फोनवरूनही होते, १५५२५५). तिथे टाकल्यावर चक्रं हलली. "क्लेम विदाउट पेमेंट क्लोज" असं पत्र आलं, रेकॉर्ड दुरुस्त झालं, फरकाची रक्कमही आली, पण तोवर पुढचं रिन्यूअल जवळ आलेलं.

तुमच्या बाबतीत आज पहिलं काम, कंपनीला मेल करून क्लेम हिस्टरी मागवा, क्लेम नंबर, तारीख, किती रक्कम कोणाला दिली. आणि तुम्ही सही केलेल्या क्लेम फॉर्मची कॉपी. पैसे न देता क्लेम बंद असेल तर साधारणपणे एनसीबीला धक्का लागायला नको, माझ्यासारखं भांडा. पण वर्कशॉपला कॅशलेस पेमेंट गेलं असेल आणि फॉर्मवर तुमची सही असेल तर तो रीतसर क्लेम झाला, तिथे लढण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. सही तुमची नसेल तर मात्र अजिबात सोडू नका. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं तर विमा लोकपाल आहे, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं.

आता "जवळजवळ फुकट" म्हणजे काय ते समजा म्हणून हिशोब मांडतो. बंपर ३,५०० चा आणि पेंटिंग ३,००० चं धरा. बंपर प्लास्टिकचा, त्यावर ५०% घसारा, म्हणजे १,७५० मिळणार. पेंटिंगच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यावर ५०% कापतात, म्हणजे ३७५ गेले, २,६२५ मिळणार. त्यातून दर क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे १,००० वजा, हातात ३,३७५. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असेल तर ५,५००. बदल्यात काय गेलं? क्लेमशिवाय गेलेल्या सलग वर्षांप्रमाणे एनसीबीच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा आहेत. क्लेम झाला की पुढच्या वर्षी ५०% जातात, त्यानंतर २० मिळतात म्हणजे ३० कमी, मग २५ कमी, १५ कमी, ५ कमी. बेरीज १२५. ओडी दरवर्षी १०,००० च राहिला असं धरलं तरी १२,५०० अधिक जीएसटी, १४,७५०. साडेतीन हजारांसाठी पावणेपंधरा हजार! हे कुठलाच अॅडव्हायझर सांगत नाही, कारण त्याला त्याचं काम मिळतं. माझं स्पष्ट मत आहे की बंपर, आरसा, ओरखडे असले क्लेम करूच नयेत, आणि गाडी वर्कशॉपला देताना जॉब कार्डवरच लिहून घ्यावं, "मला न विचारता इन्शुरन्स इंटिमेशन द्यायची नाही". मी आता दरवेळी लिहून घेतो.

दुसरं, कोणीतरी तुम्हाला सल्ला देईलच की कंपनी बदला आणि फॉर्मवर ५०% टिक करा, कोण बघतंय. कृपया करू नका. नवीन कंपनी जुनीकडून खात्री करून घेते, आणि मोठा अपघात झाला की तेव्हाच ही गोष्ट बाहेर काढून ओडीचा क्लेम नाकारतात. रेकॉर्ड दुरुस्त झाल्यावर मात्र खुशाल कंपनी बदला, एनसीबी तुमचा असतो, कंपनीचाही नाही आणि गाडीचाही नाही. गाडी विकलीत तरी एनसीबीचं पत्र घेऊन ठेवा, ३ वर्षं चालतं.

बाकी प्रीमियम कमी करायचे मार्ग आहेत पण सगळे सारखे चांगले नाहीत. आयडीव्ही मुद्दाम पाडून स्वस्त कोट दाखवतात, तो घेऊ नका, गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५% च्या वर गेली तर तोच आकडा मिळतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात कव्हर दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत किंवा वेगळा असेल तर इथे पुन्हा घ्यायची गरज नाही, एजंट न विचारता टाकतात. व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममधली ठरावीक रक्कम आपण स्वतः भरायची, बदल्यात प्रीमियममध्ये सूट) मला आवडतं, किरकोळ क्लेम करायचेच नसतील तर त्यापेक्षा सोपी सूट नाही. गाडी फार चालत नसेल तर किलोमीटरवर चालणारे अॅड-ऑन २०२२ पासून मिळतात, तेही विचारा. एकच गोष्ट काढू नका, सखल भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शन. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे किती गाड्या बुडाल्या सगळ्यांनी बघितलंय, साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन बसलं की बहुतेक वेळा हात वर करतात. आणि कव्हर असलं तरी बुडालेली गाडी स्टार्ट करायची नाही, टो करायची.

असो, थोडं भरकटलो. तुमची पॉलिसी कधी संपतेय ते लिहिलेलं नाही, आठवडाभरात असेल तर रिन्यूअल आणि हरकतीचा मेल एकाच दिवशी करा. क्लेमचं स्टेटस काय आलं ते पॉलिसी नंबर झाकून इथे टाका, तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेला माझा मजकूर मेलमध्ये आहे, तुमच्या तारखा घालून देतो.